फिक्सीला हँडल कोणतं लावू? मदत हवी आहे

मंडळी, माझ्या फिक्स्ड गिअर सायकलला (एकच गिअर, चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतात) ट्रॅकचं ड्रॉप हँडल, म्हणजे खाली वळलेलं हँडल आहे. दिसतं झकास, पण शहरात वैताग! खाली वाकलं की समोरचं ट्रॅफिक दिसत नाही, आणि वरच्या आडव्या भागावर हात ठेवले तर ब्रेक लांब राहतो. (हो, पुढचा ब्रेक आहे. नुसत्या पायांच्या जोरावर थांबायची हौस मला नाही.)

बुलहॉर्न (टोकं शिंगांसारखी पुढे वळलेलं हँडल) की रायझर (दोन्ही बाजूंना वर उचललेलं, रुंद हँडल), यावर अडलोय. गिअर एकच असल्याने चढावर उभं राहून हँडल ओढावंच लागतं, तिथे बुलहॉर्नची शिंगं कामाला येतील. रायझरवर पाठ ताठ राहील, सिग्नलला पाय न टेकता तोल सांभाळणंही सोपं जाईल. पण रुंद हँडल गाड्यांच्या फटीतून जाईल का? कापून ५६० मिमी केलं तर फारच अरुंद होईल?

दुसरं म्हणजे, माझा स्टेम (हँडल पकडणारा भाग) २५.४ मिमी व्यासाच्या हँडलचा आहे, त्यामुळे ३१.८ चं हँडल बाद. शिवाय बुलहॉर्नची नळी बहुतेक २३.८ मिमी असते, म्हणजे माझा २२.२ चा ब्रेक लिव्हर त्यावर बसणार नाही, बरोबर ना?

रोज तासभर चालवतो, मनगटं दुखतात. दोन्ही वापरलेल्यांनी सांगा.