पायाच्या बोटाचे हाड मोडले आहे की मुका मार आहे? आईसाठी सल्ला हवा आहे

नमस्कार. परवा संध्याकाळी ओट्यावरून संगमरवरी पोळपाट निसटला आणि त्याची कड माझ्या आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर आदळली. रात्रीपर्यंत बोट सुजून टरटरीत झाले, काल नखाखाली रक्त साकळलेले दिसले आणि आज काळानिळा डाग शेजारच्या बोटापर्यंत पसरला आहे. त्या बोटात जोडवे आहे. ते आता कातडीत रुतू लागले आहे, परंतु आई ते काढू देत नाही. टाच टेकवून ती घरात चालते, बोट थोडे हलवूनही दाखवते आणि हाड मोडले असते तर बोट हलले असते का, असे उलट आम्हालाच विचारते.

आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि तळपायांना मुंग्या येत असल्याचे ती अधूनमधून सांगते. शेजारच्या काकूंनी आंबेहळदीचा गरम लेप सुचवला आहे, तर मामांचा आग्रह हाडवैद्याकडे नेण्याचा आहे. पायाच्या बोटाला प्लास्टर घालतच नाहीत, मग फोटो काढून उपयोग काय, असे घरातील बहुतेकांचे म्हणणे आहे. हे कितपत खरे आहे? मधुमेहामुळे काही वेगळी काळजी घ्यावी लागते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

ताई, मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. सर्वांत आधी जोडव्याचे पाहा. सूज वाढत गेली की जोडवे बोटाचा रक्तपुरवठा आवळते. आईंना आडवे झोपवून पायाखाली उशा ठेवा, पाय छातीपेक्षा उंच राहू द्या आणि अर्ध्या तासाने साबणाचे पाणी लावून जोडवे हळूहळू फिरवत काढा. निघत नसेल तर ओढाताण करू नका. रुग्णालयाच्या अपघात विभागात ते कापून काढता येते. बोटाचे टोक पांढरेफटक, निळे किंवा थंड पडले असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

बोट हलते म्हणजे हाड शाबूत आहे, हा समज चुकीचा आहे. स्नायूबंध शाबूत असले की मोडलेले बोटही हलते. एका ठरावीक ठिकाणी हाडावर दाबताच कळ येणे, बोटाचे टोक मागच्या दिशेने हलकेच दाबल्यावर आत दुखणे, बोट वाकडे दिसणे किंवा नखाची दिशा दुसऱ्या पायाच्या तुलनेत फिरलेली वाटणे, ही हाड मोडल्याची लक्षणे आहेत. सूज आणि काळेनिळेपणा मात्र मुक्या मारातही येतो, त्यामुळे खात्री एक्स-रेनेच होते. त्यातच मुंग्या येणे हे संवेदना कमी झाल्याचे लक्षण असू शकते, म्हणून आईंना दुखत किती आहे यावरून मार किती लागला आहे हे ठरवता येणार नाही.

प्लास्टरबद्दल घरी जे म्हणतात ते अर्धे खरे आहे. धडधाकट माणसाच्या लहान बोटाचे हाड जागेवरच तडकले असेल, तर फोटो काढला काय किंवा न काढला काय, उपचार एकच असतो. अंगठ्याला हे लागू नाही, कारण चालताना शरीराचा भार त्याच्यावर येतो. बोट वाकडे झाले असेल, जखम उघडी असेल, रुग्ण वाढत्या वयाचे मूल असेल किंवा मधुमेही असेल, तर फोटो काढायलाच हवा. आईंच्या नखाखाली रक्त साकळले आहे. नखाखालची त्वचा फाटून टोकाचे हाडही मोडले असेल, तर जंतूंना हाडापर्यंत वाट मिळते. अशा वेळी प्रतिजैविके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते.

हाडवैद्याकडून मालीश मुळीच करून घेऊ नका. जागेवर असलेले हाड त्याने सरकू शकते. गरम लेपही नको. पहिल्या दोन-तीन दिवसांत उष्णतेने सूज वाढते आणि संवेदना कमी असलेल्या पायाला चटका बसलेला कळतही नाही. बर्फसुद्धा आईंना डॉक्टरांना विचारूनच द्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

आपले मनापासून आभार. पाय उंच ठेवल्यावर जोडवे निघाले. एक्स-रेमध्ये टोकाच्या हाडाला तडा दिसला, पण हाड जागेवर आहे. डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविके दिली असून ते बोट शेजारच्या बोटाला पट्टीने जोडून दिले आहे. ही पट्टी किती दिवस ठेवायची आणि आईने पायात काय घालावे?

प्रतिसाद:

साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पट्टी केव्हा सोडायची ते दुखणे किती कमी झाले हे पाहून तुमचे डॉक्टर सांगतील. दोन बोटांच्या मध्ये गॉझ किंवा कापूस असायलाच हवा, नाहीतर घामाने त्वचा भिजून चिरते. पट्टी ओली झाली की लगेच बदला, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि त्या वेळी त्वचा उजेडात नीट पाहा. मधुमेहात हे रोजच करावे. पट्टी आवळून बांधू नका. घरातही अनवाणी चालू देऊ नका. तळवा न वाकणारी, पुढून रुंद आणि पट्ट्याची चप्पल घ्या. मऊ स्लीपर नको, कारण पाऊल टाकताना ती वाकते आणि तिच्याबरोबर बोटही वाकते. पुढील काही आठवड्यांत पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसले, तर ते दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.