वाइन चाखायला नाशिकला: जमलेल्या आणि फसलेल्या बेतांचे अनुभव

आंबटगोड

भाच्याने परवा फेब्रुवारीतल्या नाशिक सहलीचा तक्ता पाठवला. शनिवारी सकाळी साडेनऊ ते रात्री आठ या वेळेत सहा वायनरी, प्रत्येकीला पन्नास मिनिटे, आणि तिसऱ्या व चौथ्या वायनरीच्या मधे त्र्यंबकेश्वराचे दर्शन. दर्शनाला त्याने वीस मिनिटे दिली आहेत.

तो तक्ता वाचताना मला आमची मे २०१२ मधली सहल आठवली. मुलांच्या शाळेला सुट्टी म्हणून मे महिना ठरवला होता. मांडवाला लोंबणारे घड, त्यांच्याखाली काढलेली छायाचित्रे, असे सगळे मी मनात रंगवून गेले होते. प्रत्यक्षात ओलांड्यांवर, म्हणजे वेलींच्या आडव्या फांद्यांवर, नुकते फुटवे आले होते आणि घडाचा पत्ता नव्हता. बागेत काम करणाऱ्या बाईंना विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “ताई, माल मार्चातच गेला.” एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च काढणी, हे आपल्याकडचे चक्र मला तेव्हा ठाऊकच नव्हते. परदेशात सप्टेंबरात काढणी होते असे कुठेतरी वाचलेले होते, तेवढ्या ज्ञानावर मी घरच्या सगळ्यांना चाळीस अंशांच्या उन्हात नेले होते.

पुढचा घोटाळा मोटारीचा झाला. मोठ्यांत आम्ही दोघे, दीर, जाऊ आणि सासूबाई. चाखायला चौघे बसलो आणि शुद्धीवर एकट्या सासूबाई राहिल्या, ज्यांना मोटार चालवता येत नाही. शेवटी गंगापूर धरणाकडे तोंड करून व्हरांड्यात संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. ‘चाखायला जायचे’ म्हणजे आमटी चाखतात तसे तळहातावर दोन थेंब घ्यायचे, अशी सासूबाईंची समजूत होती, आणि त्या दिवसाचा राग त्यांनी दिवाळीपर्यंत पुरवला.

भाचा माझे ऐकणार नाही, परंतु तुम्हा सगळ्यांचे ऐकेल. तुमचे बेत कुठे जमले आणि कुठे फसले, ते कृपया सविस्तर लिहा.

ठाणेकर_हेमंत

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली होती. जोडून तीन दिवस मिळतात म्हणून मी नोव्हेंबरातच खोल्या राखून ठेवल्या, कचेरीतल्या सहा जणांना तयार केले आणि शुक्रवारी दुपारी वायनरीच्या दारात उभा राहिलो. त्या दिवशी ड्राय डे असतो, म्हणजे मद्यविक्री बंद असते, हे सहा पदवीधरांपैकी एकालाही सुचले नव्हते. टाक्या पाहिल्या, लाकडी पिंपे पाहिली, चाखण्याच्या मेजावर मात्र द्राक्षाचा रस मिळाला. तो छान होता, पण सहा जण माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती मी अजून विसरलेलो नाही.

तारीख ठरवताना १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आषाढी एकादशीही पाहून घ्यावी. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडेच जातात.

मुग्धा_पार्ले

हेमंतराव, आमच्याकडे हाच प्रसंग २ ऑक्टोबरला घडला असून नियोजन माझ्या यजमानांचे होते, त्यामुळे मला तो फार आवडला.

चाखणीघर

मी नाशिकच्या एका वायनरीत चार वर्षे चाखणीच्या मेजामागे उभा असे. भाच्याच्या तक्त्याबद्दल दोन गोष्टी सांगतो.

एका चाखणीत साधारण पाच-सहा वाइन असतात आणि प्रत्येक ओतणे अंदाजे तीस मिलिलिटरचे असते. सहा वायनरी म्हणजे छत्तीस पेले आणि लिटरभर वाइन. तिसऱ्या वायनरीनंतर जीभ आणि नाक दोन्ही काम सोडून देतात, आणि चौथ्या ठिकाणी माणूस फक्त रंग ओळखू शकतो. आमच्याकडे संध्याकाळी येणारे गट आम्ही लगेच ओळखत असू, कारण ते शिराझ या लाल वाइनलाही ‘मस्त’ म्हणत आणि पाण्यालाही ‘मस्त’ म्हणत.

दुसरी गोष्ट सकाळच्या मिसळीची. नाशिकला आल्यावर लोक सर्वप्रथम मिसळ खातात, तर्री वाढवून घेतात आणि अर्ध्या तासात आमच्यासमोर येऊन उभे राहतात. तिखटाने पेटलेल्या जिभेला सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमधला पेरूचा किंवा ढोबळी मिरचीसारखा वास आणि चव कळणार तरी कशी? मिसळ दुसऱ्या दिवशी खावी, किंवा चाखणी आटोपल्यावर खावी. तीच गोष्ट अत्तराची आणि मोगऱ्याच्या गजऱ्याची. एकदा लग्नघरातून थेट आलेल्या बारा जणींच्या गजऱ्यांमुळे अख्ख्या दालनात दुसरा कोणताही वास उरला नव्हता.

चाखताना आधी पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल आणि शेवटी गोड, असा क्रम ठेवतात. कॅबर्ने या लाल वाइनच्या जांभळासारख्या तुरटपणानंतर पांढरी वाइन घेतली तर ती पाण्यासारखी लागते. मेजावर एक भांडे ठेवलेले असते, ते थुंकण्यासाठी असते. जास्त वाइन चाखायच्या असतील तर तोंडात घोळवून त्यात टाकणे हीच जगभरची रीत आहे. चार वर्षांत तसे करणारे मराठी गिऱ्हाईक मला एकच भेटले, आणि त्यांना खोकला झाला होता.

पावशेर

पैसे मोजून घेतलेले थुंकायचे कसे, हा प्रश्न आमच्या पिढीला मरेपर्यंत सुटणार नाही.

लोकलवाला

मोटार नेणार नसाल तर माझा अनुभव उपयोगी पडेल. आम्ही मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने नाशिक रोडला उतरलो. तेथून गंगापूरकडच्या वायनरी वीसेक किलोमीटरवर आहेत आणि जाताना भाड्याची गाडी चटकन मिळाली. परतताना मात्र भ्रमणध्वनीवर पाऊण तास गाडी शोधत राहिलो, कारण तिकडून रिकामे परतावे लागते म्हणून संध्याकाळी कोणी यायला तयार नव्हते. अखेर एका टेम्पोवाल्या काकांनी कोथिंबिरीच्या जुड्यांमधे बसवून शहरापर्यंत आणून सोडले. कपड्यांचा वास दोन धुण्यांत गेला नाही. दिवसभराची गाडी चालकासह आधीच ठरवावी, आणि चालकाच्या जेवणाची सोयही आपणच पाहावी.

चाखणीघर

लोकलवाले, कोथिंबिरीचा वास सोव्हिन्याँ ब्लाँला शोभून दिसतो!

दिंडोरीची_लेक

हा धागा वाचून लिहावे की नाही, असा दोन दिवस विचार करत होते.

माझ्या वडिलांनी दोन एकर थॉम्पसन, म्हणजे खायची द्राक्षे, काढून वाइनसाठीचे शिराझ लावले होते. एका वायनरीशी करार होता आणि पहिले काही हंगाम पैसे वेळेवर आले. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप घसरला, टाक्यांमधे आदल्या वर्षीची वाइन पडून राहिली आणि पुढच्या हंगामात आमचा माल त्यांनी उचललाच नाही. खायची द्राक्षे असती तर बाजार समितीत नेऊन पडेल त्या भावाने विकता आली असती. वाइनच्या द्राक्षाचे मणी बारीक, साल जाड, आत बिया. गोडी खाण्याच्या द्राक्षापेक्षाही जास्त असते, पण बाजारात त्यांना कोणी हात लावत नाही. तो माल वेलीवरच सुकला. वडिलांनी पावसाळ्याआधी बाग उपटली आणि पुन्हा थॉम्पसन लावले. आमच्या भागात असे करणारे ते एकटे नव्हते.

२०१९ साली माझ्या पहिल्या पगारातून मी त्यांना चाखणीला घेऊन गेले. आयुष्यभर द्राक्षे पिकवली, परंतु वाइन त्यांनी कधी तोंडाला लावली नव्हती. मेजावरच्या मुलाने पेला कसा फिरवायचा ते दाखवले. वडिलांनी पेला नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला आणि म्हणाले, “पॅकिंगच्या शेडमध्ये पावसाळी हवेत क्रेट राहिले की हाच वास सुटतो.” तो मुलगा हसला आणि म्हणाला, “काका, बरोबर ओळखलंत, सुरुवात तीच असते.” शिराझ आली तेव्हा त्यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवून खिडकीबाहेरच्या तारांच्या रांगांकडे पाहत राहिले. नंतर आम्ही बागेत गेलो, तर त्यांनी पान उलटे करून भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, आहे का ते पाहिले आणि वेलींमधले अंतर पावलांनी मोजले. चाखणीपेक्षा त्या बागेत आमचा अधिक वेळ गेला.

भाच्याला सांगा, की बागेत हिंडायला वेळ ठेव, आणि तिथल्या कामगारांना यंदा पाऊस कधी पडला एवढे तरी विचार.

आंबटगोड

ताई, तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत. बाबा आता कसे आहेत?

दिंडोरीची_लेक

ठीक आहेत. या वर्षीची फळछाटणी त्यांनीच उभे राहून करून घेतली. मजूर वेळेवर मिळत नाहीत, ही तक्रार मात्र कायम आहे.

सातपूरची_शाल्मली

मी स्वतः पीत नाही, तरीही तीन वेळा गेले आहे. स्टीलच्या थंड टाक्या, २२५ लिटरची ओकची पिंपे, लाल वाइनला रंग सालीतून येतो आणि गर बहुतेक पांढराच असतो, ही माहिती मला चाखणीइतकीच रंजक वाटली. हंगामात काही ठिकाणी पायांनी द्राक्षे तुडवायची मौज असते. माझ्या सात वर्षांच्या मुलाने तासभर तुडवली आणि नंतर “ही बाटली माझ्या नावाने द्या” असा हट्ट धरला. तो रस पिण्यासाठी नसतो हे पटवताना तिथे काम करणाऱ्या मुलीची फार तारांबळ उडाली.

घाटमाथा

मुंबईहून मोटारीने येणाऱ्यांनी नाशिक शहरापर्यंत धावत सुटू नये. कसारा घाट चढला की इगतपुरी तालुका लागतो. मुकणे धरणाच्या जलाशयाकाठी व्हॅलोने ही वायनरी आहे आणि सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आहे. पहिला दिवस इकडे, मुक्काम इकडेच, आणि दुसऱ्या दिवशी गंगापूरच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा या वायनरींपैकी एक किंवा दोन, असे आम्ही केले होते. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत, त्यामुळे ‘आलोच आहोत तर’ असे म्हणत तिन्ही करण्याचा मोह होतो. तो आम्हालाही झाला आणि तिसऱ्या ठिकाणचे मला फक्त जिने आठवतात.

फेब्रुवारीच्या रात्री चांगलाच गारठा असतो, तेव्हा स्वेटर न्यावा.

नारायणगावकर

सगळे नाशिकवरच बोलत आहेत, म्हणून आमची बाजू मांडतो. सुलाची पहिली वाइन २००० साली आली, पण त्याआधी कितीतरी वर्षे आमच्या नारायणगावला इंडाज या कंपनीची फेसाळ वाइन तयार होत होती आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात जात होती. पुणेकरांनी अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली या वायनरीच्या बागाही पाहाव्यात, तिकडची काळी-तांबडी माळराने वेगळीच आहेत.

पावशेर

नारायणगावकर, तुमच्याकडचा तमाशा पाहायला आलो होतो तेव्हा हे कोणी सांगितले नाही.

कोथरूडची_काकू

बाटल्यांची काळजी कशी घ्यावी हे कोणीच लिहिले नाही. आम्ही एप्रिलमध्ये सहा बाटल्या घेतल्या, डिकीत ठेवल्या आणि वाटेत संगमनेरला निवांत जेवलो. पुण्यात पोहोचेपर्यंत दोन बाटल्यांची बुचे वर आली होती आणि उरलेल्या वाइनला शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता. मी त्यातली एक मटणात घातली. मटण उत्तम झाले, परंतु ते फार महाग पडले. बाटल्या शेवटच्या दिवशी निघताना घ्याव्यात आणि थंडाव्याच्या पेटीत, नाहीतर निदान वातानुकूलित भागात पायाशी ठेवाव्यात.

भाचा_स्वतः

मावशीने हा धागा मला पाठवला आहे. आमच्यातल्या एकाला विसावे वर्ष चालू आहे. तो आला तर चालेल का?

ठाणेकर_हेमंत

सहलीला चालेल, चाखायला चालणार नाही. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण लागते, कडक मद्यासाठी २५. मद्य पिण्याच्या परवान्याबद्दलही तिथे विचारून घ्या. आणि मोटार चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. पाच-सहा ‘छोट्या’ घोटांनंतर आपण त्या रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे कोणालाही आपले आपण सांगता येत नाही.

आंबटगोड

त्या विशीतल्या मुलाला गाडी चालवता येते का, एवढेच विचारून घे रे.

भाचा_स्वतः

येत नाही.

चालकासह गाडी ठरवली आहे. तक्त्यातल्या चार वायनरी काढून टाकल्या, शनिवारी सकाळी बागेसाठी दीड तास ठेवला, मिसळ रविवारी नेली आणि त्र्यंबकेश्वराला अर्धा दिवस दिला. चाखणीघर यांच्या सल्ल्यावरून ‘थुंकणार कोण’ असा एक नवा रकानाही केला आहे. गटात तक्ता पाठवून दोन तास झाले, त्या रकान्यात अजून कोणीही स्वतःचे नाव लिहिलेले नाही.