उकड दुसऱ्याच्या हातात द्यायला मन धजत नाही, काय करू?

सुगरण_डोंबिवली:

नमस्कार. डोंबिवलीत घरगुती ऑर्डरचं काम करते, हे अकरावं वर्ष. माझ्याकडे पाच जणी येतात. वर्षभर पोळीभाजी, दिवाळीत फराळ, पण लोक आम्हाला ओळखतात ते उकडीच्या मोदकांमुळे.

गेल्या वर्षी 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. 940 मोदकांची ऑर्डर. सारण आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं, 70 नारळांचं. पहाटे अडीचला गॅस पेटवला. उकड मी कुणाला देत नाही, मीच काढते. वाटीला वाटी पिठी-पाणी, चमचाभर तेल, चिमूट मीठ, हे प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. पण तांदूळ जुना असला की पिठी पाणी जास्त ओढते, नवा असला की कमी, आणि ते हाताला कळावं लागतं. फोनही मीच घेते. पैसे माझ्याकडे, कुठला डबा कुठल्या रिक्षाने जायचा तेही मीच सांगते.

आठ वाजता फोन सुरू झाले आणि उकडीचं काम रखडलं. पाच जणी तुपाचा हात करून बसून, समोर पारी करायला गोळा नाही. मी खांद्यात फोन धरून मळतेय. शेवटचे 42 मोदक दुपारी दीडला पोचले. त्या घरच्या आजींनी आरती थांबवून ठेवली होती, शेवटी साखरेचा नैवेद्य दाखवला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. डबा घेतला, पैसे मोजून दिले. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

सोपवून पाहिलंच नाही असं नाही. आमच्या मावशी आठ वर्षं माझ्याकडे आहेत. एका संकष्टीला उकड त्यांच्याकडे दिली, "चांगली मऊ मळा" म्हणाले. पहिले पाच-सहा मोदक कळ्या काढतानाच फाटले. दहा मिनिटांत मी परात माझ्याकडे ओढून घेतली. मावशी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून उकडीला हात लावत नाहीत.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे थोडा वेळ हाताशी आहे. ज्यांनी माणसं सांभाळली आहेत त्यांनी सांगा, काम सोपवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

लग्नघराचा_मुकादम:

ताई, मी केटरिंगमध्ये वाढप्यांचा मुकादम, 22 वर्षं झाली. माझं म्हणणं, उकडीच्या आधी फोन सोडा. आमच्याकडे आचाऱ्याच्या हातात मुहूर्ताच्या दिवशी फोन नसतो. कोठीची किल्ली एकाकडे असते. साखर संपली तरी आचारी कोठीत जात नाही, कोठीवाल्याला हाक मारतो. त्या दिवशी गिऱ्हाईक काय विचारतं? डबा निघाला का, किती वाजता पोचेल, पैसे कुठे पाठवू. नाव, पत्ता, मोदक किती, वेळ काय, पैसे आले की बाकी, एवढं लिहिलेला कागद समोर असला की कॉलेजातली मुलगीसुद्धा उत्तरं देईल. उकड तुमच्या हातची आहे म्हणून लोक येतात, ती यंदा तुमच्याकडेच राहू द्या.

निवृत्त_परिसेविका:

मुकादमांचं फोनचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण उकड तुमच्याकडेच ठेवा, हे मला पटत नाही. 14 सप्टेंबरला पहाटे तुम्हालाच ताप भरला तर काय कराल?

मी 34 वर्षं वॉर्डात काढली, शेवटची बारा इन्चार्ज म्हणून. माझी एक चूक सांगते. स्टाफ नर्स असताना ऑपरेशन होऊन आलेल्या पेशंटजवळ एका विद्यार्थिनीला बसवलं आणि "लक्ष ठेव गं" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. तिने अगदी मनापासून लक्ष ठेवलं. सलाईन बघितलं, पांघरूण नीट केलं. बीपी उतरत होतं ते तिने कागदावर व्यवस्थित लिहूनही ठेवलं, पण मला हाक मारली नाही. कधी हाक मारायची हे मी सांगितलंच नव्हतं. पेशंट वाचला. त्या रात्री त्या मुलीला बोलणी बसली, आणि मी गप्प राहिले. आज इतक्या वर्षांनी मला पेशंटपेक्षा ती मुलगी जास्त आठवते. चूक तिची नव्हती.

त्यानंतर मी "लक्ष ठेव" हा शब्द सोडला. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी, वरचा आकडा 90 च्या खाली गेला की हातातलं सगळं टाकून मला हाक मार, असं सांगायला लागले. आणि सांगून झालं की तिच्याकडून परत म्हणवून घ्यायचे. "कळलं का?" विचारलं तर प्रत्येक जण हो म्हणतो.

तुमचं "चांगली मऊ मळा" म्हणजे माझं "लक्ष ठेव" आहे. मऊ म्हणजे किती? मावशींच्या हाताला जे मऊ लागतं ते तुमच्या हाताला घट्ट लागत असेल. तुम्ही स्वतः कशी पारखता ते आधी शोधा. सुपारीएवढा गोळा घेऊन दाबला की कडेला भेग पडते का? पडली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळायची. हाताला चिकटतेय तर पाणी जास्त झालं. असं काहीतरी तुमचे हात न बोलता करतच असतील. ते शब्दांत मांडा. एकदा ही परीक्षा मावशींना दिली की पाणी किती, वाफ किती, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. त्यांची पद्धत तुमच्यासारखी नसली तरी चालेल, भेग पडायला नको.

नर्सिंगमध्ये काम सोपवताना पाच गोष्टी बघायला शिकवतात: काम सोपवण्यासारखं आहे का, वेळ आणि परिस्थिती तशी आहे का, माणूस योग्य आहे का, सूचना नीट दिली का, आणि देखरेख होते का. तुमचं काम बरोबर होतं, माणूसही बरोबर. सूचना चुकली, आणि देखरेखीच्या जागी तुम्ही परात ओढलीत. देखरेख करणारी शेजारी उभी राहते, हात मागे बांधून. आम्ही पहिली सुई टोचताना विद्यार्थिनीच्या शेजारी अशाच उभ्या राहायचो. पेशंटला धोका दिसला तरच हात पुढे करायचा. सहा मोदक फाटणं हा धोका नाही हो ताई.

एक मात्र लक्षात ठेवा. काम मावशींना दिलं तरी गिऱ्हाइकापुढे जबाब तुमचाच. मोदक बिघडले तर "आमच्या बाईने केलं" हे वाक्य तुमच्या तोंडून कधी निघता कामा नये.

पन्हाळ्याच्या_वाटेवर:

मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून एवढंच घालतो. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा मागे महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला आणि त्यांना हुकूमतपनाह हा किताब दिला. तिकडे तमिळ मुलखात बसून इथल्या प्रत्येक गोष्टीला हो-नाही कळवणं शक्यच नव्हतं, मोगलांची फौज दारात होती. किताबामुळे पंतांचा शब्द राजाच्या वतीने आहे हे सगळ्यांना कळलं. ताई, मावशींना उकड द्याल तेव्हा बाकीच्या चौघींसमोर सांगून द्या. नाहीतर उकड मावशींकडे, आणि प्रत्येक जण गोळा घेऊन विचारायला तुमच्याकडे.

सुगरण_डोंबिवली:

दोन संकष्ट्या झाल्या, म्हणून लिहिते आहे.

फोन पुतणीकडे दिला. पहिल्या दिवशी तिने मला चार वेळा विचारलं, दुसऱ्या संकष्टीला एकदाच.

उकडीचं सांगायचं तर आधी मावशींची माफी मागितली, सगळ्यांसमोर. परात ओढली होती सगळ्यांसमोर, म्हणून माफीही तशीच. मग दोघी ओट्याशी उभ्या राहून मी काय काय करते ते बघत बसलो. मला स्वतःलाच माहीत नव्हतं की मी गोळा दाबून कानाजवळ नेते. कडा फाटली की बारीक आवाज येतो, मी तो ऐकत होते! मावशी म्हणाल्या, मला आवाज येत नाही, मी अंगठ्याने बघते. म्हटलं, अंगठ्याने बघा.

पहिल्या संकष्टीला मी शेजारी उभी. चौदा फाटले. हात पदराला धरून ठेवले होते. दुसऱ्या संकष्टीला बाहेरच्या खोलीत बिलं लावत बसले. चंद्रोदयाच्या आधी 110 मोदक पोचवायचे होते. मध्येच आतून परात रिकामी केल्याचा आवाज आला. उठून आत जाणार होते, नाही गेले. नंतर कळलं, मावशींनी एक अख्खा घाणा बाजूला काढला, कच्चट वाटला म्हणून. अर्धा किलो पिठी. मला विचारलं नाही. मी असते तर कदाचित "चालेल, घ्या ढकलून" म्हणाले असते. 110 च्या 110 वेळेत गेले, फाटलेले तीन.

मावशींचे महिन्याचे दीड हजार वाढवले. उकडीची जबाबदारी घेतली तर पैसेही उकडीचे हवेत, असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि ते खरंच आहे.

आता सगळ्यात धाकटीला उकड शिकायची आहे. 14 तारखेला दोन हात असले तर बरंच. परिसेविकाताई, तिला मी शिकवू का?

निवृत्त_परिसेविका:

मावशी शिकवतील. तुम्ही त्या दिवशी नारळ आणायला बाजारात जा.