कौलाच्या कळीत तत्त्वज्ञान असतं का?

सड्यावरचा
मे महिन्यात गावी होतो, मालवण तालुक्यात. बाबा गेल्यापासून सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, हापूसच्या कलमांचं काय करायचं, यावर घरात दोन वर्षं वाद चालू आहे. शेवटी आई म्हणाली, देवाला कौल लावूया.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: गुरव ओल्या कळ्या देवाच्या अंगावर चिकटवतो, प्रश्न घातला जातो आणि सगळे वाट बघतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बाग विकूची आणि पैसे दोनय झिलांनी वाटून घेवचे, ह्या तुका मान्य आसा काय?" म्हणजे बाग विकून पैसे दोन्ही मुलग्यांनी वाटून घ्यायचे, हे तुला मान्य आहे का. दहा मिनिटं झाली तरी एकही कळी हलेना. गाभाऱ्यात समईचं तेल तेवढं तडतडत होतं. मग गुरव वळून म्हणाला, "प्रश्न नीट घाला. दोन प्रश्नांक देव एक जाब कसो देतलो?" काका गडबडले. मग फक्त विकण्याचं विचारलं, आणि थोड्या वेळात डावी कळी पडली.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. गुरवाने जे केलं ते तत्त्वज्ञानच नाही का? न्यायशास्त्रवाले, म्हणजे आपले जुने तर्कशास्त्री, आयुष्यभर हेच करत आले: प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या असतील तर आधी सोडवा. आपण म्हणतो श्रद्धा एका बाजूला, विचार दुसऱ्या बाजूला. माझ्या गावच्या गाभाऱ्यात मला दोन्ही एकाच पाटावर बसलेली दिसली. 'दर्शन' हा शब्द आपण देवळासाठीही वापरतो आणि सांख्य, न्याय अशा तत्त्वज्ञानाच्या परंपरांसाठीही, तो उगाच नाही असं मला वाटतं.

ओहोटी
प्रसंग छान लिहिलात, पण निष्कर्ष पटला नाही. प्रश्न नीट विचारणं वकिलाला लागतं, डॉक्टरला लागतं, तलाठ्यालाही लागतं. तेवढ्याने तत्त्वज्ञान होत नाही. ते सुरू होतं जेव्हा कुणीतरी म्हणतं, "डावी कळी पडली म्हणजे नकार, हे कशावरून?" आपल्याकडे याला प्रमाणाचा प्रश्न म्हणतात. ज्ञान कशाने होतं? चार्वाकाने फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना जाणवतं ते, मानलं; नैयायिकांनी, म्हणजे तुमच्या न्यायशास्त्रवाल्यांनी, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्दही (भरवशाच्या माणसाचं सांगणं) मानले, आणि त्यावर शेकडो वर्षं भांडले. तुमच्या गाभाऱ्यात हा प्रश्न कुणी विचारला? ओली कळी वाळते, सुटते, पडते. तिथे विचार थांबला आणि सगळे घरी गेले. माझ्या लेखी तत्त्वज्ञान गाभाऱ्याच्या बाहेर, पायरीवर सुरू होतं.

खाडीकाठची
ओहोटीदादा, तुम्ही कौलाला माहितीचं साधन समजून तपासताय. माझी आजी दरवर्षी कौल लावायची. कळीला बागेचा बाजारभाव कळतो असं तिला कधीच वाटलं नाही. नवऱ्याने लावलेली कलमं विकायची की नाही, हा निर्णय एकट्या बाईने घेतला तर पुढची तीस वर्षं तिलाच ऐकवतात. देवासमोर घेतला की त्याचं ओझं गावाच्या मानकऱ्यांपर्यंत वाटलं जातं. हे खरं की खोटं अशा मापाने मोजायचंच नाही.

पण सड्यावरचा, तुम्हालाही एक विचारते. "दोनय झिलांनी" असं लिहिलंत. बहीण नाही का तुम्हाला?

जुनं दप्तर
ओहोटी यांच्या पायरीबद्दल. सॉक्रेटिसवर इ.स.पू. 399 मध्ये खटला झाला तो नगराचे देव मानत नाही आणि पोरांना बिघडवतो या आरोपावरून. पण त्याच्या शोधाची सुरुवात एका कौलानेच झाली! त्याचा मित्र डेल्फीला, ग्रीकांच्या कौल देणाऱ्या देवळात, गेला आणि विचारून आला, सॉक्रेटिसहून शहाणा कुणी आहे का? उत्तर आलं, नाही. सॉक्रेटिसने हे उत्तर फेकलं नाही आणि मान डोलावून घरीही नेलं नाही. याचा अर्थ काय असेल म्हणून तो शहरभर फिरला. पुढारी, कवी, कारागीर, एकेकाला विचारत सुटला. म्हणजे कौल घेणं की न घेणं हा मुद्दाच नाही, कौल मिळाल्यावर माणूस काय करतो तो खरा मुद्दा.

आपल्याकडेही देव आणि दर्शन यांची गाठ वाटते तितकी घट्ट नाही. ईश्वरकृष्ण नावाच्या जुन्या ग्रंथकाराने मांडलेल्या सांख्यात ईश्वराला जागा नाही. पूर्वमीमांसक, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे, तर यज्ञाचे कट्टर पुरस्कर्ते, पण जग निर्माण करणारा सर्वज्ञ देव असू शकत नाही यावर त्यांच्यातलेच कुमारिल भट्ट त्वेषाने युक्तिवाद करतात. कर्मकांड पूर्ण, ईश्वर शून्य! आणि न्यायशास्त्रातले उदयनाचार्य उलट टोकाला, त्यांनी ईश्वर तर्काने सिद्ध करायला अख्खा ग्रंथ लिहिला. देव सिद्ध करायची गरज वाटली, याचाच अर्थ समोर न मानणारे तोलामोलाचे लोक होते.

ओहोटी
दप्तर, डेल्फीचा मुद्दा मान्य. माझी पायरी मी थोडी आत सरकवतो. पण मीमांसकांचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. त्यांनी देव नाकारला, वेद मात्र नाकारला नाही. म्हणजे प्रश्नाला कुंपण होतं. कुंपणाच्या आत कितीही हुशारीने फिरलात तरी कुंपणाबाहेर ठेवलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? आपल्याच कोकणात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. "हे लिहिलंय म्हणून मी का मानू?" हा प्रश्न तिथे भर गर्दीत विचारला गेला. बाबासाहेबांनी पुढे धम्म स्वीकारला, म्हणजे श्रद्धेचं माणसाला काय होतं हे ते जाणत होते. पण आधी वर्षानुवर्षं तपासून. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

बाणकोट
आमच्या घरात हाच वाद वेगळ्या नावांनी व्हायचा. इमाम गझाली या मध्ययुगातल्या इस्लामी धर्मपंडिताने तत्त्वज्ञांच्या चुका दाखवणारा ग्रंथ लिहिला आणि त्यावर पुढे इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञाने मुद्द्याला मुद्दा असं उत्तर दिलं. इब्न रुश्द स्वतः काझी होता, न्यायनिवाडा करणारा. गंमत म्हणजे, तत्त्वज्ञांना खोडून काढायला गझालींनाही त्यांचं तर्कशास्त्र आधी नीट शिकावं लागलं. वडील मला सांगायचे, दोघांनाही वाच, मग नमाजाला चल. मी दोन्ही केलं आणि आजही करतो. ओहोटी यांचा क्रम सगळ्यांना लागू होईल असं मला नाही वाटत. काहींची श्रद्धा आधी येते आणि तपासणी तिच्याच पोटात वाढते.

सड्यावरचा
सगळं दोनदा वाचलं. खाडीकाठची, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप लागली नाही. बहीण आहे, चिपळूणला दिलेली. कायद्याने तिचा वाटा आमच्याइतकाच आहे. मी इथे गुरवाच्या तर्काचं कौतुक लिहीत बसलो. त्याने प्रश्नातल्या दोन गोष्टी सोडवल्या. पण 'दोनय झिलांनी' हे शब्द त्यालाही खटकले नाहीत, काकांना नाही, आईला नाही, मला तर लिहितानाही नाही. ओहोटी ज्याला कुंपण म्हणतात ते हेच असावं.

दर्शन आणि विचार एका पाटावर बसतात हे मी अजूनही म्हणेन. आईसाठी तो कौल जे होता त्याला मी हात लावणार नाही. पण पाट मांडतानाच कुणाला वगळलं हे कौल विचारून कळत नाही, एवढं मला मान्य करावं लागेल.

काल रात्री ताईला फोन केला, कौलाचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाग विकू नये असं मलाही वाटतं रे. बाबांबरोबर पहिल्या ओळीतली कलमं मी लावलीयत, पाणी मी घातलंय. तुम्ही देवाला विचारलंत, मला कुणी विचारलं नाही." गणपतीत ती चार दिवस येणार आहे. तेव्हा आम्ही तिघं भावंडं आणि आई, आधी सड्यावर जाऊन बसणार आहोत.