शब्दचर्चा: ‘प्रोफायलिंग’ला झडती म्हणावं का?

नळस्टॉप
एका प्रशिक्षणवर्गाच्या टिपणांचा मराठी अनुवाद करते आहे. व्हर्च्युअल मशीनच्या (खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या कॉम्प्युटरच्या) आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रोफायलिंग, म्हणजे त्याचा वेळ कुठे जातो याचा शोध, प्रोसेसरमधल्या घटना मोजणाऱ्या काउंटरांवरून कसं करायचं, हा विषय. मी लिहिलं होतं ‘आभासी यंत्रातील कार्यप्रदर्शनाचे रूपरेखन’. तपासणाऱ्या इंजिनिअरने खाली लाल रेघ ओढली आणि लिहिलं, ‘रूपरेखन म्हणजे चित्र काढणं. आपण मोजतोय.’ त्याचं म्हणणं पटलं, पण दुसरा शब्द त्यालाही सुचेना. तो स्वतः ‘प्रोफाइल काढ’ म्हणतो. वाचणारी मुलं पदविकेची, बरीचशी मराठी शाळांतून आलेली. वाचल्याबरोबर अर्थ लागेल असा शब्द हवाय.

शनिपार
कार्यमापन. सरळ, बिनचूक आणि आपला. नवा शब्द पहिल्या दिवशी जड वाटतोच. सावरकरांचे दिनांक आणि महापौर आज कुणाला जड वाटतात?

हिंजवडी फेज दोन
हेच काम करतो म्हणून लिहितो. ‘मापन’ अर्धंच बसतं, कारण यात दोन निरनिराळी कामं आहेत. एक, नुसती गणती: अमुक प्रोग्रॅम चालला तेवढ्यात किती सूचना पार पडल्या, कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) किती वेळा हवी ती गोष्ट सापडली नाही. दुसरं असं की, काउंटर आधीच इतका भरून ठेवायचा की, समजा, १ लाख घटना झाल्या की तो उलटेल, म्हणजे पुन्हा शून्यावर येईल. उलटला की प्रोसेसर हातातलं काम थांबवून खबर देतो, त्या क्षणी कोणती ओळ चालू होती ते टिपायचं आणि पुन्हा सुरू. अशा हजारो टिपणांवरून वेळ कुठे जातो ते कळतं. लिनक्सवरच्या ‘पर्फ’ या मोजणीच्या साधनात (२००९पासून लिनक्सच्या गाभ्यासोबत, म्हणजे कर्नेलसोबत, येतं) या दोन कामांसाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. तुमच्या मुलांना हा फरक शब्दातच दिसला तर फार बरं होईल.

दफ्तरखाना
मग शब्द तयार आहेत, नवे घडवायला नकोत. झडती आणि अजमास.

झडती म्हटलं की आज पोलीस आठवतात, पण पेशवाईच्या कागदांत गावझडती हा हिशेबाचा कागद आहे. गावाच्या जमेचा आणि खर्चाचा तपशीलवार झाडा. ‘झाडा घेणे’मधला झाडा आणि ही झडती सख्ख्या बहिणी आहेत असं माझं मत. कोपरा न् कोपरा झाडून जे निघेल ते कागदावर मांडायचं. प्रोग्रॅमचा वेळ कुठे खर्च झाला याचा तपशील म्हणजे झडतीच की!

आणि नमुन्यांवरून काढायचा तो अजमास. पेशवे दफ्तर आपल्या पुण्यातच आहे, त्यात ‘प्रांत अजमास’ नावाचा विभागच आहे. तिथले कापडी रुमाल (कागदांचे गठ्ठे) उघडून वाचलेला माणूस ‘रूपरेखन’ लिहिणार नाही.

शनिपार
अजमास फारसी. आजमावणं ज्या घरातलं त्याच घरातला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच शब्दांना पर्याय म्हणून. साडेतीनशे वर्षांनी आपण पुन्हा तेच गोळा करायचे?

दफ्तरखाना
कोशाचा मान मोठाच. पण तो झाल्यावरही दफ्तरांत जमा, खर्च, हजेरी तसेच राहिले आणि आजही तुमच्या-माझ्या तोंडात आहेत. माझी आजी रोज रात्री पिशवीतले पैसे मोजताना म्हणायची, ‘आजची झडती लागली बाई.’ तिला तो शब्द परका नव्हता.

सोसायटी सचिव
माझा आक्षेप ‘आभासी’वर आहे. शाळेत शिकलो की आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही. या मशीनवर मात्र बँका चालतात. मग ती आभासी कशी? आम्ही आमच्या सोसायटीसाठी तीन वर्षं मानीव अभिहस्तांतरणाच्या (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होण्याच्या) मागे आहोत. मानीव म्हणजे कायद्याने ‘झालं’ असं मानलेलं, आणि एकदा मानलं की हक्क सगळे खरे. मानीव यंत्र म्हणा. आत बसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमला ते यंत्र असल्याचं मानायला लावलंय ना?

हिंजवडी फेज दोन
मानीव फारच आवडला, पण जरा जपून. इंटेलने २००५मध्ये प्रोसेसरमध्येच अशा मशीन चालवायची सोय दिल्यापासून आतल्या प्रोग्रॅमच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. त्या मानीव नाहीत. मानीव आहेत ते आतून दिसणारे काउंटर.

काउंटर मोजकेच असतात. १९९३च्या पेंटियममध्ये दोन होते. नंतरच्या इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांत हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरवर दोन कामं, म्हणजे थ्रेड, एकदम चालवणं) चालू असलं की प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला ४ सामान्य आणि ३ ठरावीक कामाचे. वापरणाऱ्या मशीन मात्र अनेक. म्हणून हायपरव्हायजर (या सगळ्या मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एका मशीनची पाळी संपली की काउंटरवरचा आकडा टिपून ठेवतो आणि तिची पाळी परत आली की तोच आकडा पुन्हा चढवतो. मधल्या काळात शेजाऱ्याने केलेलं काम तिच्या नावावर पडता कामा नये. काउंटर उलटल्याची खबरही आधी बाहेर जाते, मग हायपरव्हायजर ती आत पोचवतो.

मशीनला आतून काउंटर वापरायची ही सोय दिलेलीच नसेल तर आत पर्फ चालवल्यावर आकड्याच्या जागी ‘नॉट सपोर्टेड’ येतं. नवा मुलगा तिथे अडकतो, त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. मी स्वतः दोन दिवस असा घालवलेत, म्हणून या टिपणांबद्दल एवढं वाटतं.

सोसायटी सचिव
म्हणजे सबमीटर! वाड्यात महावितरणचं मीटर एक आणि भाडेकरूंना सबमीटर. मग जिन्यातला दिवा कुणाच्या बिलात?

हिंजवडी फेज दोन
खरा वाद तिथेच आहे. आतल्या मशीनने काही मागितलं आणि ते पुरवायला हायपरव्हायजरला राबावं लागलं, तर तो खर्च तिच्या खात्यात की नाही? प्रोग्रॅम सुधारणाऱ्याला फक्त स्वतःचा आकडा हवा असतो. यंत्रणा सांभाळणाऱ्याला दोन्ही मिळून. म्हणून मोजताना फक्त आतलं, फक्त बाहेरचं की सगळं, हे सांगता येतं.

नळस्टॉप
सबमीटर घेतलं! मुलांना हे लगेच कळेल. आता वाक्य असं केलंय: ‘मानीव यंत्राला स्वतःचं सबमीटर मिळालं, तरच आतून झडती घेता येते.’ ‘घेता येते’ की ‘काढता येते’? आणि शीर्षकात झडती चालेल की कार्यमापनच ठेवू? शुक्रवारी द्यायचंय.

शनिपार
आधी ‘स्वतःचा सबमीटर’ करा. मीटर पुल्लिंगी.

सोसायटी सचिव
लांबी मोजायचा तो मीटर. विजेचं ते मीटर.

स्वारगेट
रिक्षाचंसुद्धा मीटरच. आमच्या घरच्या दोन रिक्षा होत्या, वडील आयुष्यभर ‘मीटर पाडलं’ म्हणाले. ‘पाडला’ मी पहिल्यांदा लकडी पुलाच्या पलीकडे ऐकलं.