तातडीची मदत: खाऱ्या पाण्याच्या टँकला नेमकं कोणतं पाणी घालायचं?

खारावारा:
थोडक्यात विचारतो, आधीच डोकं फिरलंय. घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दोन क्लाऊनफिश ठणठणीत, पण श्रिंप टिकत नाहीत. दोन महिन्यांत तीन गेले, गोगलगायी तर सगळ्याच गेल्या. दुकानदार म्हणतो पाण्यात दोष आहे. पाणी मी शुद्धच वापरतो. आता २० लिटरचे जार लावू, डिस्टिल्ड वॉटर आणू की वेगळा फिल्टर बसवू? एका ओळीत सांगा. आणि "गोड्या पाण्यातले मासे पाळा" हे कृपया कोणी सांगू नका.

स्पष्टवक्ती:
गोड्या पाण्यातले मासे पाळा.

रीफवेडा:
एका ओळीत उत्तर हवं तर आधी चार ओळींत माहिती द्या की. टँक किती लिटरचा? कधीपासूनचा? "शुद्धच" म्हणजे कुठलं? खारेपणा किती? अमोनिया?

खारावारा:
१२० लिटर. गुढीपाडव्याला सुरू केला. पाणी आरओचं, दुसरं कुठलं असणार! टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६५. खारेपणा १.०२५. अमोनिया, नायट्राइट शून्य. सगळं बरोबर आहे म्हणून तर इथे विचारतोय.

अलिबागी:
आरओ, मीठ, कशाला एवढा खटाटोप? समुद्राचं पाणी आणा. मी दर महिन्याला दोन ड्रम भरून आणतो. जे निसर्गाने दिलंय ते फुकट आहे.

रीफवेडा:
@अलिबागी, पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खारेपणा किती उतरतो ते मोजलंय कधी? आणि धक्क्यावर भरत असाल तर वरच्या डिझेलच्या तवंगाचं काय करता?

अलिबागी:
धक्क्यावर नाही भरत. होडीतून आत जाऊन भरतो. माझे मासे चार वर्षं जिवंत आहेत, तुमचं पुस्तक तुमच्याकडे ठेवा.

इनव्हर्टर_नाना:
बॅटरीत घालतात ते पाणी चालेल का? पाच लिटरचा कॅन कुठेही मिळतो. मी इनव्हर्टरला तेच घालतो, कधी तक्रार नाही.

रीफवेडा:
नाना, इनव्हर्टरला कल्ले नसतात. पण कल्पना वाईट नाही, कॅनवर टीडीएसची कांडी बुडवून शून्याच्या आसपास आकडा आला तर चालेल. बारा-पंधरा लिटर दर आठवड्याला विकत घेणं मात्र परवडणार नाही.
@खारावारा, ६५ आकडा मला खटकतोय. कॉर्पोरेशनचं पाणी की टँकरचं?

खारावारा:
पुण्यात वाकडला राहतो, काय वाटतं? टँकरचं. ७०० च्या आसपास.

रीफवेडा:
मग आरओचं मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) चांगलं असेल तर ३०-४० यायला हवं. तुमच्या किचनच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, त्याचा नॉब आत असतो. शिवाय मिनरलचं कार्ट्रिज असेल. मेम्ब्रेनच्या लगेच पुढे टी (नळीला फाटा काढणारा जोड) लावून पाणी घ्या, त्याला डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं) कार्ट्रिज जोडा. कांडीवर शून्य यायला हवं. रेझिनचा रंग बदलला की बदला. झालं.

निसर्गोपचार:
आरओचं पाणी मुळात आरोग्याला घातकच. हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलंय की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नको. माठ वापरा, वाळा टाका.

खारावारा:
अहो, मला प्यायचं नाहीये ते!! आणि माझं पाणी ७०० आहे.

मोरीतला_मासा:
रीफवेडांचं बरोबर आहे, पण ६५ टीडीएसने श्रिंप मरत नाहीत, फार तर तपकिरी शेवाळ येईल. मासे मजेत आणि श्रिंप-गोगलगायीच मरतात, याचा अर्थ बहुतेक तांबं. कधी औषध घातलं होतं का? आणि मशीन नक्की कुठलं?

खारावारा:
गणपतीत माशांवर पांढरे ठिपके आले होते. दुकानदाराने निळं औषध दिलं होतं. पण ते कधीच संपलं. मशीन साधंच आहे.

द्राक्षबाग:
निळं म्हणजे मोरचूद, तांब्याचंच ते! आम्ही बागेत चुन्यात कालवून बोर्डो मारतो. पावसाने बांधावर वाहिला तर गोगलगायी कमी दिसतात. तुमचं कोडं सुटलं.

मोरीतला_मासा:
सुटलं नाही. मेथिलीन ब्लूही निळंच असतं. @खारावारा, औषध घातलं तेव्हा टँकमध्ये श्रिंप होता?

खारावारा:
होता. पहिला श्रिंप. त्याला काहीच झालं नाही, दिवाळीनंतर गेला.

मोरीतला_मासा:
म्हणजे औषधावर खापर फोडता येत नाही. दिवाळीत काय बदललं?

खारावारा:
काही नाही. हं, मशीन नवीन घेतलं. जुनं गळत होतं. पुढच्या पारदर्शक भागात तांबूस कार्ट्रिज दिसतं, त्यावर कॉपर लिहिलंय. आईच्या हट्टाने तेच घेतलं, ती पूर्वी तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवायची.

रीफवेडा:
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय!

मोरीतला_मासा:
तेच ते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. माणसाला काही होत नाही. श्रिंप, गोगलगायी, कोरल यांना त्याहून कितीतरी कमी पुरतं. त्यात टॉप-अप रोज करत असाल ना?

खारावारा:
रोज दीड लिटर उडतं. तेवढं मशीनचंच घालतो.

मोरीतला_मासा:
पाणी उडतं, तांबं मागे राहतं. रोज दीड लिटरमागे थोडं थोडं साठत गेलं. टीडीएसची कांडी हे सांगणार नाही, तिला सगळं सारखंच. कमी मात्रा दाखवणारं कॉपर टेस्ट किट घ्या. तांब्याच्या कार्ट्रिजच्या आधीचं पाणी घेऊन डीआयमधून काढा, कार्बन बदला, आठवड्याला २० टक्के पाणी बदलत राहा. खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात, म्हणून किटवर शून्य आलं तरी लगेच श्रिंप आणू नका.

अलिबागी:
समुद्राच्या पाण्यात ही भानगड नाही.

खारावारा:
किट मागवलंय. आईला सांगितलं तर म्हणते, माणसांना चालतं ते झिंग्यांना का चालत नाही.

इनव्हर्टर_नाना:
ते गळणारं जुनं मशीन आहे का अजून? कितीला द्याल?