माहेरी आल्यापासून लॅपटॉपचा पंखा थांबत नाही

मंडळी, नमस्कार.
मे महिनाभर जळगावला माहेरी आहे, ऑफिसचं काम इथूनच चालू आहे. एरवी मुका असलेला लॅपटॉप इथे उघडल्या उघडल्या घोंघावायला लागतो. मीटिंगमध्ये विचारतात, तुझ्याकडे पाऊस पडतोय का? जळगावात, मे महिन्यात! तळाला हात लावला तर चटका बसतो, व्हिडिओ अडखळतो. पप्पांचा सल्ला एकच: "इतला तपी ऱ्हायना ते बंद करी दे ना!" एका दुकानदाराने न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. नवीन घेऊ का?

---

ताई, थांब. मदरबोर्ड गेला असता तर मीटिंगपर्यंत पोचलीच नसतीस बहुधा.

मी भुसावळचा, त्यामुळे तो उन्हाळा ठाऊक आहे. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे पारा ४५ गाठतो. पंखा खोलीचीच हवा आत ओढतो. ती गरम असेल तर तो किती फिरणार? प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की आपणहून वेग कमी करतो. तुझा व्हिडिओ बहुधा तिथेच अडखळतो.

म्हणून दुपारी काही ठरवू नकोस. पहाटे, हवा गार असताना, टेबलावर ठेवून चालू कर (गादीवर नाही, तळाच्या जाळ्या बुजतात). काही न उघडता दहा मिनिटं जाऊ दे. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड आणि सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक कर. एखादा प्रोग्राम ३०-४० टक्के खात बसला असेल तर चोर तोच. ऑफिसच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा अँटीव्हायरस सापडतो. पण सीपीयू पाच टक्क्यांखाली आणि पंखा तरी बोंबलतोय, तर कडेच्या जाळीशी हात धर. हवा जेमतेम येत असेल तर आत धूळ चोंदलीय. हवा जोरात पण कोमट, आणि तळ भाजतोय, तर प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारी पेस्ट वाळली असावी.

---

काकांच्या यादीत कापूस राहिला! आमचं अमळनेरचं घर जिनिंगजवळ. तिथे तूस, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, आत जाऊन पंख्यापुढच्या बारीक पत्र्यांवर नमद्यासारखी बसते. बाहेरून फुंकून निघत नाही, मागचं झाकण काढावंच लागतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरायला सांग, नाहीतर भणाणून फिरून बेअरिंग जातं. आणि ताई, कूलरच्या खोलीत लॅपटॉप नेऊच नकोस. ओलाव्याने वाट लागेल.

---

कूलरबद्दल मला तसं वाटत नाही. खान्देशातली हवा मे महिन्यात एवढी कोरडी असते की कूलरची खोली लॅपटॉपला सुखाचीच. फक्त थेट झोतात ठेवू नये, शिंतोडे उडतात. तूस मात्र सोळा आणे खरं.

---

काका, पहाटे सीपीयू तीन-चार टक्के, पंखा तरी सुसाट, आणि जाळीशी हवा नावालाच. गोलाणी मार्केटमध्ये एका मुलाने माझ्यासमोर उघडला. आतून राखाडी पट्टीच निघाली, अख्खी! पेस्टही बदलली. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करून दिली, त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो म्हणे. दुपारी आवाज आहेच, पण कॉल सलग चालतो. जाता जाता तो म्हणाला, बॅटरी जराशी फुगलीय, पण चालेल. टचपॅडचा एक कोपरा वर आलाय खरा. चालेल ना?

---

नाही चालणार. आत्ता बंद कर, चार्जर काढ. टचपॅड दाबून बसवायला जाऊ नकोस. उद्या त्याच मुलाकडून बॅटरी काढून घे आणि त्याच्याकडेच दे, घरच्या कचऱ्यात टाकू नकोस. नवी मिळेपर्यंत बरेच लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात, तुझा चालतो का ते त्याला तिथेच बघायला सांग. वीज गेली की तो बंद पडेल, तेव्हा इन्व्हर्टरच्या बोर्डाला जोड. परतीच्या विमानात फुगलेली बॅटरी नेता येत नाही, त्यामुळे हे काम तिकडेच उरक.